नुसता वॅटचा वट!

रात्री पावणेबाराला मावसभावाचा फोन. हा मुलगा एवढ्या रात्री फोन करत नाही, व्हिडिओ फॉरवर्ड करतो. म्हणून लगेच उचलला.

"ताई, फट् झालं."

"काय फट् झालं?"

"पीसी. आधी जळका वास आला, मग फट्, मग स्क्रीन काळी. घरात लाइट आहेत, पंखा फिरतोय, बाजूचे माग चालू आहेत. फक्त माझंच गेलंय."

'फक्त माझंच गेलंय' हे वाक्य त्याने असं काही म्हटलं, की मी दुसऱ्या दिवशीचा प्लॅन गुंडाळला आणि ठाण्याहून भिवंडीची वाट धरली.

मावशीचं घर नारपोलीत, अंजूरफाट्याच्या जवळ. कधी गेला नसाल तर सांगते. या भागाच्या एका अंगाला यंत्रमागांचे कारखाने, खटाखट खटाखट, दिवसरात्र. दुसऱ्या अंगाला काल्हेर, दापोडे, माणकोलीपर्यंत पसरलेली गोडाऊनं. तुम्ही रात्री एक वाजता मूड खराब आहे म्हणून ऑर्डर केलेले शूज बहुधा इथल्याच कुठल्यातरी रॅकवरून निघतात. आमचा हिरो दिवसा अशाच एका गोडाऊनमध्ये स्कॅनिंगच्या टेबलावर असतो आणि रात्री लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. दिवसाच्या पगारात घर चालतं, रात्रीच्या कामावर स्वप्नं. पुढेमागे गोडाऊन सोडून फुल टाइम एडिटिंग करायचं, असा साधा सरळ हिशेब.

त्यासाठीच पीसी बांधला होता. असेम्बल केलेला, स्वतःच्या हाताने, बेचाळीस हजारांत. त्यातले पंचवीस हजार मावशीच्या भिशीचे. तिचा नंबर लागला आणि तिने एका शब्दाने न विचारता पैसे त्याच्या हातात ठेवले. त्यामुळे त्या रात्री जे फट् झालं, ते नुसतं यंत्र नव्हतं.

कोथिंबीर फुकट

त्याने पीसी काही आंधळेपणाने घेतला नव्हता. महिनाभर रिव्ह्यू बघितले होते. प्रोसेसर कोणता, इंटेलचा आय-३ १२१००एफ. का? कमी पैशांत दम आहे. ग्राफिक्स कार्ड कोणतं, एएमडीचं आरएक्स ६६००. का? कारणं तोंडपाठ. रॅमचा स्पीड, एसएसडीचा स्पीड, मदरबोर्डचा चिपसेट... विचाराल ते सांगेल.

"आणि एसएमपीएस?"

"तो कॅबिनेटसोबत आला."

सोबत आला! भाजीवर मूठभर कोथिंबीर फुकट मिळावी तसा. बेचाळीस हजारांच्या मशीनला वीज पुरवणारी एकमेव वस्तू, आणि ती कोणी निवडलीच नव्हती. हसू नका. तुमच्या घरात असेम्बल केलेला पीसी असेल तर आत्ता, या क्षणी, त्याच्या एसएमपीएसचं मॉडेल न बघता सांगून दाखवा. नाही ना येत? मलाही नव्हतं येत.

तर हा डबा करतो तरी काय? भिंतीतून येते २३० व्होल्टची एसी वीज. तुमच्या प्रोसेसरला आणि कार्डाला ती झेपत नाही, त्यांना हवी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्वच्छ डीसी. एसएमपीएस आधी एसीची डीसी करतो (२३०च्या एसीतून साधारण ३२५ व्होल्टची डीसी निघते, लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल), मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतो, आणि पलीकडे हवी ती व्होल्टेज गाळून काढतो. 'स्विच्ड मोड' हे नाव या चालू-बंदवरूनच पडलं.

प्रोसेसर बिघडला तर प्रोसेसर जातो. रॅम बिघडली तर रॅम जाते. पण एसएमपीएसच्या वायरी प्रत्येक पार्टपर्यंत पोचलेल्या असतात. तो वाईट मेला तर एकटा मरत नाही.

आमच्याकडे तेच झालं. रिपेअरवाल्याने एकेक पार्ट लावून बघितला. प्रोसेसर वाचला, कार्ड वाचलं. मदरबोर्ड गेला, एसएसडी गेली. एसएसडीवर एका लग्नाचं तीन आठवड्यांचं एडिटिंग होतं. मूळ शूटिंग फोटोग्राफरकडे होतं म्हणून अब्रू वाचली, पण तारीख हुकली. पार्टीने काम काढून घेतलं आणि आठ हजारांचा ॲडव्हान्स परत करावा लागला.

लेबलचं पोस्टमॉर्टेम

मी गेले तेव्हा तो डबा टेबलावर पडला होता. बाजूला मोठ्या अक्षरांत '४५० वॅट'. इतकी मोठी अक्षरं की रस्त्यापलीकडून वाचता यावीत.

"साडेचारशे वॅट होते गं. माझं सगळं मिळून तीनशेपण नाही. मी बेरीज केली होती."

बेरीज त्याने बरोबर केली होती. प्रोसेसर जोरात असताना ८९ वॅट. कार्ड १३२ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून पन्नासेक धरा. एकूण २७१. साडेचारशेत आरामात बसतंय. मग?

मग आम्ही डबा उलटा केला. खालच्या बाजूला एक छोटं टेबल असतं, मुंगीच्या अक्षरांत, जे कोणी वाचत नाही. त्यात प्रत्येक व्होल्टेजपुढे अँपियर लिहिलेले असतात. शाळेतलं गणित आठवा: व्होल्ट गुणिले अँपियर म्हणजे वॅट. त्याच्या डब्यावर १२ व्होल्टच्या खाली होतं, १४ अँपियर.

१२ गुणिले १४. १६८.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तो आकडा आला आणि तो गप्प बसला. कारण आजच्या पीसीमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरूनच घेतात. याला लागत होते सव्वादोनशेच्या आसपास. डबा देत होता १६८, तेही लेबलवर विश्वास ठेवला तर. उरलेले वॅट कुठे होते? ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनींवर. जुन्या जमान्यात कॉम्प्युटर त्यांच्यावर चालायचे. आता त्या लाइनींना फारसं काम नाही. म्हणजे पगार साडेचारशे सांगायचा, आणि त्यातला निम्म्याहून जास्त अशा कूपनांत द्यायचा की जी चालणाऱ्या दुकानांनी ती घेणं कधीच बंद केलंय!

मला खरा धक्का कशाचा बसला सांगू? लेबल खोटं नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं. आपण फक्त मोठ्या अक्षरातलं वाचलं.

दुसरी गोष्टही तिथेच सापडली. आरएक्स ६६०० ला आठ पिनांची स्वतंत्र वायर लागते. या डब्याला ती वायरच नव्हती. म्हणून दुकानदाराने जुन्या हार्ड डिस्कच्या चार पिनांच्या वायरीला एक कन्व्हर्टर जोडून दिला होता. "चालतं हो, सगळे असंच करतात." त्या कन्व्हर्टरचं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात तपकिरी झालं होतं. एक साधा नियम लिहून ठेवा: तुमच्या कार्डाला लागणारी वायर एसएमपीएसला मुळातच नसेल, तर तो एसएमपीएस तुम्हाला सांगतोय की 'मी तुझ्यासाठी नाही'. त्याचं ऐका.

बिल्ला बघू, पण भुलू नये

"म्हणजे ८० प्लसवाला घ्यायला हवा होता," तो म्हणाला.

हो. पण ८० प्लस म्हणजे काय ते आधी कळू दे. ही योजना अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झाली. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या पायऱ्या २००८ मध्ये आल्या. साधा ८० प्लस बिल्ला सांगतो, की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किमान ८० टक्के वीज पीसीपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन वाया जाते. ही चाचणी २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते. ब्राँझला यापेक्षा थोडं जास्त, गोल्डला आणखी जास्त.

इथे बऱ्याच जणांचा एक घोळ होतो. ५५० वॅटचा ८० टक्केवाला म्हणजे ४४० वॅटच देणार, असं नाही हं. तो ५५० च देतो, फक्त त्यासाठी भिंतीतून जास्त ओढतो. फरक तुमच्या लाइटबिलात दिसतो. पीसी २०० वॅट खातोय असं धरा. ७० टक्क्यांचा लोकल डबा भिंतीतून २८५ ओढेल, ८५ टक्क्यांचा चांगला डबा २३५. फरक ५० वॅटचा. रोज सहा तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे जवळजवळ ८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला साडेनऊशे. दोन-तीन वर्षांत चांगल्या डब्याचे वरचे पैसे वसूल. आणि तो ५० वॅटचा फरक उष्णता होऊन खोलीतच फिरतो. मे महिन्यात, भिवंडीत!

पण हा बिल्ला फक्त एफिशिअन्सीचा आहे. चाचणी होते ती साध्या खोलीच्या तापमानाला. आतले पार्ट किती वर्षं टिकतील, गडबड झाली तर डबा स्वतःहून बंद होईल का, हे बिल्ला सांगत नाही. त्यासाठी बॉक्सवर काही अक्षरं शोधायची: ओव्हीपी म्हणजे व्होल्टेज जास्त झालं तर बंद, यूव्हीपी म्हणजे कमी झालं तर बंद, ओपीपी म्हणजे एकूण ओढ जास्त झाली तर बंद, एससीपी म्हणजे शॉर्टसर्किट झालं तर बंद, आणि ओटीपी म्हणजे फार तापला तर बंद. बँकेचा ओटीपी नव्हे! चांगला एसएमपीएस संकटात 'बंद' पडतो. वाईट एसएमपीएस संकटात लढत राहतो. इथे आपल्याला शूरवीर नको, शहाणा हवाय.

"मग मोठा ब्रँड बघून घेतला की झालं ना?" इति भाऊ.

तेवढ्यानेही भागत नाही. २०२१ ची गोष्ट आहे. ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा होता आणि अमेरिकेत ती इतर वस्तूंसोबत जोडून विकली जात होती. त्यात गिगाबाइट कंपनीचे ७५० आणि ८५० वॅटचे गोल्ड बिल्ल्याचे दोन एसएमपीएस होते. परीक्षकांनी त्यांची चाचणी घेतली तेव्हा काही अक्षरशः फटाक्यासारखे उडाले. त्या ऑगस्टमध्ये कंपनीने खुलासा केला, की ओपीपीची मर्यादा आधी १२० ते १५० टक्क्यांवर होती, ती ११० ते १२० वर आणली आहे, आणि ठरावीक सीरियल नंबरच्या ग्राहकांना ते बदलून देण्याची तयारीही दाखवली. नाव मोठं, बिल्ला सोन्याचा, तरी लोचा झालाच. एकाच कंपनीचं एक मॉडेल झकास आणि दुसरं सुमार, असं या धंद्यात सर्रास असतं. त्याचं कारणही आहे. बॉक्सवर नाव असलेल्या बहुतेक कंपन्या डबा स्वतः बनवत नाहीत, सीडब्ल्यूटी, ग्रेट वॉल, एचईसी अशा कारखान्यांकडून बनवून घेतात. सीसॉनिकसारखे स्वतः बनवून स्वतःच्या नावाने विकणारे थोडेच.

म्हणून ब्रँड नाही, मॉडेल बघायचं. सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही संस्था एसएमपीएस तपासते आणि तिचे रिपोर्ट फुकट वाचायला मिळतात. त्यात २३० व्होल्टवरचे आकडेही असतात, म्हणजे आपल्या कामाचे. तुमच्या मॉडेलचा रिपोर्ट सापडला तर अर्धं टेन्शन खल्लास.

नारपोलीचा करंट

चहा झाल्यावर मावशी म्हणाली, "मी त्या डब्याला हात लावत नाही बाई. पुसायला गेलं की चावतो."

चावतो म्हणजे? कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. पहिल्या दिवसापासून. भावाला वाटत होतं, पीसी म्हटल्यावर एवढं चालायचंच.

नाही चालायचं! एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणी म्हणून छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून अगदी थोडा करंट कॅबिनेटवर येतो आणि तो तिसऱ्या पिनेतून अर्थिंगला जावा अशी सोय असते. अर्थिंगच नसेल तर तो कॅबिनेटवर बसून राहतो आणि तुमच्या बोटाची वाट बघतो. चांगल्यातला चांगला एसएमपीएस लावला तरी बिनअर्थिंगच्या सॉकेटवर कॅबिनेट चावणारच. दोष भिंतीचा. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडून दाखवलं, तिसरं भोक होतं, पण मागे वायरच नव्हती. शोभेचं भोक! बिल्डिंगच्या मीटरखोलीत अर्थिंगची पट्टी होती, तिथून वायर ओढली. एका संध्याकाळचं काम.

दुसरा मुद्दा व्होल्टेजचा. मावशीच्या पिढीने भिवंडीतलं लोडशेडिंग भोगलंय. २००७ च्या जानेवारीत महावितरणने इथलं वीज वितरण फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरकडे दिलं, देशातला असा पहिलाच प्रयोग. पण पुरवठा कोणाचाही असो, शेजारी मोटारी असल्या की एक गोष्ट होतेच. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. करंट जाऊन परत आला की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम जाग्या होतात. जुनं वायरिंग असेल तर तेवढ्यात व्होल्टेज दचकतं. अशा वेळी पंखा हळू होतो, बल्ब पिवळा होतो. एसएमपीएस मात्र उलटं करतो: व्होल्टेज कमी झालं की तेवढेच वॅट काढण्यासाठी जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो. म्हणून लेबलवर 'इनपुट' काय लिहिलंय तेही बघा. '२००-२४०' लिहिलं असेल तर खाली फारशी जागा नाही. '१००-२४०' असेल तर व्होल्टेज बऱ्यापैकी पडलं तरी तो तग धरेल. आणि मागे ११५/२३० असं लाल बटण असलेला जुना डबा असेल, तर ते बटण २३० वरच राहू द्या. चुकून ११५ वर गेलं तर दिवाळी.

तिसरी गोष्ट धुळीची. नारपोलीच्या हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात. त्या मेलेल्या डब्याच्या जाळीवर तंतूंची अख्खी गोधडी विणलेली होती. हवा आत जाणार कुठून? आतल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमानावर ठरतं. ढोबळ नियम असा, की दर दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं. त्यामुळेच चांगल्या डब्यांत १०५ अंशांचे कपॅसिटर घालतात, स्वस्तात ८५ चे. तुमच्याकडे माग नसतील, पण रस्त्याची धूळ आणि मांजराचे केस असतीलच. महिन्यातून एकदा पीसी बंद करून, वायर काढून, जाळी ब्रशने साफ करा. बाहेरूनच! डबा कधीच उघडू नका. वर म्हटलं ना, आत ३२५ व्होल्ट खेळतात. वायर काढल्यावरही ते मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ दबा धरून बसलेले असतात.

आणि यूपीएस? वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर सेकंदाचा अगदी छोटा तुकडा तग धरतो. ठरलेल्या मापानुसार साधारण १६-१७ मिलिसेकंद. यूपीएस त्या आत बॅटरीवर यायला हवा. स्वस्त डबे तेवढंही थांबत नाहीत. मग लोक यूपीएसला शिव्या घालतात. शिवाय ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हेत, बहुधा ३६० च. तिथेही मोठ्या अक्षरातलं वाचू नका.

चला, लॅमिंग्टन रोडला

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं निघालो. अंजूरफाट्याहून ठाणे, ठाण्याहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेला लॅमिंग्टन काही लोकांच्या तोंडून जात नाही. पीसीवाल्यांच्या तर नाहीच नाही.

पहिल्याच दुकानात, "पाचसौ में लोकल दे दूँ? चलता है." भावाने तो डबा हातात घेतला. उलटा केला. छोटं टेबल वाचलं. मनातल्या मनात गुणाकार केला आणि परत ठेवला. मला इतका अभिमान त्याच्या बारावीच्या निकालाचाही वाटला नव्हता.

आमचं गणित असं होतं. लागतात २७१. पण कार्ड क्षणभरासाठी लेबलपेक्षा जास्त उसळी मारतं, आणि डबा सतत फुल लोडवर पळवू नये. भर कामात निम्म्या ते साठ टक्के लोडवर राहिला तर थंड आणि शांत. ४५० चालला असता. पुढे मोठं कार्ड घ्यायचं मनात आहे, म्हणून ५५०. साध्या ८० प्लसचा चांगला ४५० अडीच-तीन हजारांच्या आसपास, ब्राँझचा ५५० साडेतीन ते साडेचार हजारांत. कॉर्सेअर, कूलर मास्टर, डीपकूल, अँटेक अशी नावं या रेंजमध्ये दिसतात, पण मघाशी म्हटलं तसं, नाव नाही, मॉडेल. आम्ही घेतला त्याच्या १२ व्होल्टवर ४५ अँपियर होते. १२ गुणिले ४५, ५४०. ५५० पैकी ५४० तिथे, जिथे लागतात.

"बिल के बिना दोसौ कम," दुकानदार म्हणाला. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण पाच वर्षांची वॉरंटी बिलावरच मिळते. दोनशे रुपयांसाठी पाच वर्षं विकायची? बिल घेतलं.

सगळा हिशेब केला तर नव्या बोर्ड-एसएसडीसकट, आणि परत केलेल्या ॲडव्हान्ससकट, 'फुकटच्या' एसएमपीएसने त्याला वीस हजारांना खाली उतरवलं. मावशीच्या भिशीचे जवळजवळ सगळे. पहिल्याच दिवशी तीन-साडेतीन हजार वेगळे काढले असते आणि कार्ड हवं तर एक पायरी खालचं घेतलं असतं, तर ही कॉलमच झाली नसती. म्हणून माझा फंडा एवढाच: पीसीचं बजेट करताना एसएमपीएस शेवटच्या पंगतीला बसवू नका. पहिल्या पानावर त्याला वाढा, उरलेलं बाकीच्यांना.

खिशात ठेवायची चिठ्ठी

• लागणाऱ्या वॅटची बेरीज करा. डबा असा घ्या की भर कामातही तो निम्म्या-साठ टक्क्यांवर राहील.

• मोठा आकडा सोडा. लेबलवरच्या १२ व्होल्टच्या अँपियरला १२ ने गुणा. दोन वेगळ्या १२ व्होल्टच्या लाइनी असतील तर त्यांची बेरीज करू नका, खाली दिलेला एकत्रित आकडा बघा.

• ८० प्लस बिल्ला हवाच, पण सोबत ओव्हीपी, ओपीपी, एससीपी, ओटीपीही हवेत.

• कार्डाची वायर डब्यालाच हवी. कन्व्हर्टर नको.

• लेबलवर बीआयएसचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नंबर असेल तर बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा आहे का बघा.

• किमान तीन वर्षांची वॉरंटी, पाच असेल तर उत्तम. बिलासकट. सेकंडहँड घ्यायचंच असेल तर कॅबिनेट घ्या, मॉनिटर घ्या, एसएमपीएस नको.

• घरी आल्यावर आधी सॉकेटचं अर्थिंग. फ्रिज आणि पीसी एका एक्स्टेन्शनवर नकोत.

परवा नारपोलीत गेले होते. खोलीत नवं लग्न रेंडर होत होतं, खाली माग चालू होते, आणि बॅकअपची वेगळी हार्ड डिस्कही एकदाची आली होती. मावशी फडकं घेऊन आली. कॅबिनेटजवळ थांबली, आधी एक बोट लावून बघितलं, मग अख्खा हात ठेवला.

"आता चावत नाही रे," म्हणाली आणि निवांत पुसायला लागली.